दारूखान्यातलं जुन्या मीटरांचं दुकान: लाइफबोटीचं पॅनल मागा

१ जूनला मासेमारी बंदी लागते आणि ३१ जुलैपर्यंत बोट वर ओढलेली असते. इंजिनाच्या पॅनलचं काम काढायचं ते याच दिवसांत. आमच्या बोटीच्या ऑइल प्रेशर आणि टेंपरेचरच्या मीटरांत खारं पाणी शिरून काटे जाम झाले होते. काका आमचे तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख. ते इंजिनाच्या आवाजावरून अंदाज घ्यायचे. त्यांचा कान पक्का आहे, पण खोल समुद्रात खलाशांचा जीव फक्त कानाच्या भरवशावर ठेवणं मला पटत नाही. म्हणून उरणच्या मोऱ्याहून लाँचनं मुंबईचा भाऊचा धक्का गाठला आणि तिथून टॅक्सीनं दारूखाना. लोकलनं येणाऱ्यांना रे रोड स्टेशन जवळ पडतं.

दुकानावर पाटी नाही. साखळ्या आणि शॅकलवाल्यांची रांग संपली की बाहेर पितळी दिवे टांगलेलं दिसेल, तेच. माल तुटलेल्या जहाजांचा, बराचसा गुजरातमधल्या अलंगचा, जिथे जुनी जहाजं तोडतात. मालक चाचा वयस्कर आहेत, पण कुठली वस्तू कुठल्या फळीवर आहे हे त्यांना तोंडपाठ.

तिथे गेल्यावर सुटी मीटरं चाळत बसू नका, जहाजाच्या लाइफबोटीचं पॅनल मागा. मोठ्या जहाजाच्या इंजिनरूममधला बराच माल आपल्या बोटीच्या वायरिंगला जुळत नाही. लाइफबोटीचं इंजिन मात्र लहान डिझेल आणि पॅनल बहुतेक १२ व्होल्टचं. शिवाय ते इंजिन सोलासच्या, म्हणजे जहाजांच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा कराराच्या, नियमाप्रमाणे आठवड्यातून निदान ३ मिनिटं चालवून बघतात, एरवी बंदच. त्यामुळे जहाज म्हातारं झालं तरी ही मीटरं फारशी वापरलेली नसतात. मला मिळालेल्या पॅनलच्या तर काचासुद्धा स्वच्छ होत्या. घासाघीस करून २,२०० रुपयांत दिलं.

या दुकानाला मी पूर्ण गुण देतो ते तपासणीसाठी. काउंटरवर बॅटरी कायम तयार असते. “पहले चेक करो, फिर पैसा,” असं म्हणत चाचांनी स्वतः चिमटे लावून दिले. मी १०, १०० आणि १८० ओहमचे रेझिस्टर वायरीला सोल्डर करून नेले होते. सेंडर म्हणजे इंजिनावरचा सेन्सर, त्याचा रेझिस्टन्स बदलतो तसा मीटरचा काटा हलतो. त्याच्या जागी हे रेझिस्टर एकेक लावून बघितले. ऑइलच्या मीटरचा काटा १० ला शून्यावर, १०० ला मधोमध आणि १८० ला शेवटच्या आकड्यावर गेला. टेंपरेचरचं उलटं असतं, गरम होईल तसा रेझिस्टन्स कमी होतो. तिथे १८० ला काटा खाली आणि १० ला टोकाला. दुसऱ्या एका पॅनलवरचा काटा मध्येच अडकला आणि टिचकी मारल्यावर हलला, ते चाचांनी लगेच बाजूला काढलं.

हे तपासणं टाळू नका. अमेरिकन मीटरं २४० ते ३३ ओहमची असतात, २४० ला शून्य आणि ३३ ला पूर्ण. त्याला १० ते १८० वालं सेंडर जोडलंत तर ऑइल प्रेशर शून्यावर आलं तरी काटा पूर्ण दाखवेल. मीटर चुकीचं दाखवतंय हे कळतच नाही आणि इंजिन जाम होतं.

सेंडर मात्र जुनं घेऊ नका, मीटरला जुळणारं नवंच घ्या. जुनी वायरही नको, वरून ठीक दिसते आणि सोलल्यावर आत तांबं काळं पडलेलं. जहाजाचे एमसीबी स्वस्त दिसतात, पण ते बहुतेक एसीचे. एसीचा करंट सतत शून्यावर येत राहतो म्हणून ठिणगी विझते, बॅटरीच्या डीसी लाइनवर ती तशी विझत नाही आणि ब्रेकर आतून जळतो. पितळी केबल ग्लँड, बॅटरीचे मोठे मेन स्विच, पाणी न शिरणारे पितळी दिवे हे सगळं डोळे झाकून घेण्यासारखं. कळंक चढलेलं असेल तर चिंचेनं निघतं.

आरपीएम मीटरसाठी इथे फार आशा ठेवू नका. बरीचशी फ्लायव्हीलच्या दात्यांवर चालणारी निघतात, आपल्याला हवं ते अल्टरनेटरवर चालणारं क्वचित.

मीटर आठवड्यात परत घेतात, सर्किट बोर्ड लावलेला माल परत घेत नाहीत. पक्कं बिल मिळत नाही, पैसे रोख लागतात. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं.