पाहुण्यांना मुंबई दाखवायचीय: दर्शन बस, लोकल की भाड्याची गाडी?

मे महिना लागला की आमच्या वर्तकनगरच्या घरात गाद्या कमी पडतात. ह्यांचं गाव विट्याजवळ, त्यामुळे तिकडचे सगळे "मुंबईला चाललोय" असं गावात सांगून निघतात आणि उतरतात ठाण्यात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता विचारतात, मग मुंबई कधी दाखवणार? आता आमचं कसं, आम्ही स्वतः गेटवेला शेवटचं कधी गेलो होतो ते आठवायला फोनमधले फोटो उघडावे लागतात. पण पाहुण्यांना असं सांगता येत नाही ना.

तर गेल्या दोन-तीन वर्षांत आमचे तिन्ही प्रकार करून झालेत. एकदा ती एक दिवसाची मुंबई दर्शन बस, गाइडवाली. एकदा एर्टिगा भाड्याने. आणि आता गेल्या डिसेंबरात लोकल आणि मेट्रो. कळव्याची मैत्रीण परवा विचारत होती की तिच्याकडे नणंदेचे सासू-सासरे येतायत, काय करू, तिला फोनवर पाऊण तास सांगितलं तेच इथे लिहितेय.

आधी बस, कारण सगळ्यांच्या डोक्यात पहिली तीच येते. आमचा पिकअप कॅडबरी जंक्शनला पावणेसातचा होता. बस आली साडेसातला. मला वाटलं आता हायवे धरणार आणि सुसाट, तर नाही, तीन हात नाका, मग ऐरोली, मग वाशी, असं करत करत चेंबूरला पोहोचेपर्यंत नऊ वाजून गेले आणि मुंबई अजून दिसायचीच होती. नवी मुंबईवाल्यांची मात्र मजा, वाशीची मंडळी घरी पोहे-बिहे खाऊन निवांत चढली, आणि आम्ही पहाटे पाचला उठून डबे भरलेले. म्हणजे तुम्ही नेरुळ-बेलापूर-वाशीला राहत असाल तर बुकिंग करताना विचारा की तुमचा पिकअप पहिला की शेवटचा, त्याने तास-दीड तासाची झोप वाचते, आणि ठाणेकर असाल तर तीच झोप बसमध्ये काढायची तयारी ठेवा.

आता खरी गोष्ट. त्यांच्या कागदावर वीस-बावीस ठिकाणांची यादी असते आणि बघून माणूस खूश होतो, पण त्या यादीत बारीक अक्षरात एक शब्द असतो, "बाहेरून". तो मोजा. आमच्या यादीत म्युझियम बाहेरून, सीएसएमटी बाहेरून, हाजी अली बाहेरून, सिद्धिविनायक बाहेरून (म्हणजे कळसाला बसमधून हात जोडायचे), मरीन ड्राइव्ह तर चालत्या बसमधून. खरं उतरलो ते गेटवे चाळीस मिनिटं, हँगिंग गार्डन आणि समोरचा म्हातारीचा बूट मिळून अर्धा तास, जेवण, वरळीचं नेहरू सायन्स सेंटर तासभर आणि शेवटी जुहू. जेवण पैशात धरलेलं नव्हतं, तिकिटंही नव्हती, ते आपलं आपण.

आणि गाइड. माइक घेऊन दादा म्हणाला की गेटवे १९११ साली बांधला. अहो १९११ ला राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी आले होते, कमान तेव्हा उभीच नव्हती, ती पूर्ण झाली १९२४ ला, जॉर्ज विटेट नावाच्या आर्किटेक्टने केलेली, आणि पुढे २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांची शेवटची पलटण तिथूनच बोटीत बसून गेली. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात भारी वाटते आणि नेमकी तीच त्याने सांगितली नाही, त्याऐवजी कुठल्या हिरोचा बंगला कुठल्या वळणावर ते मात्र तोंडपाठ. बसच्या डाव्या बाजूचे सगळे उजवीकडे वाकेपर्यंत बंगला गेलेला असायचा.

एवढं वाचून वाटेल मी बसच्या विरोधात आहे. नाही. कारण माझ्या सासूबाईंना विचाराल तर आजही त्या बसलाच पहिला नंबर देतात. एसी, मागे रेलणारी सीट, कुणी "चला चला लवकर" म्हणून हात ओढत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो गाइड दर थांब्याला माणसं मोजत होता आणि स्वच्छ बाथरूम कुठे आहे हे त्याला माहीत होतं. साठीच्या पुढच्या बायकांना घेऊन मुंबईत फिरलेल्या कुणालाही विचारा, अर्धी मुंबई याच हिशोबाने ठरते. जाऊबाईंनी आणलेलं भडंग दुपारपर्यंत पूर्ण बसमध्ये फिरलं, मागच्या सीटवरच्या जळगावच्या काकूंनी बदल्यात शेव दिली, सासूबाईंना एका दिवसात चार मैत्रिणी मिळाल्या. आणि मी, जी एरवी पाहुणे आले की सगळ्यांची पाणी बाटली, गोळ्या, चपला सांभाळत असते, ती खिडकीला डोकं टेकून झोपले. त्या दिवशी मी पण पाहुणी होते! डोई ७०० घेतले होते त्यातले निम्मे तरी मी याच सुखाचे धरते.

फक्त कुणाला बस लागत असेल तर मागची सीट घेऊच नका. आमच्या भाच्याने मलबार हिलच्या वळणांवर जे केलं ते इथे लिहित नाही.

भाड्याच्या गाडीचं थोडक्यात सांगते कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. लहान गाड्यांना मुंबईच्या एंट्रीच्या टोलनाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून टोल माफ झालाय, म्हणजे मुलुंड, ऐरोली, वाशी कुठूनही जा, फुकट. सी लिंक आणि अटल सेतूचा मात्र द्यावा लागतो. पॅकेज असतं ८ तास ८० किलोमीटरचं, आणि गंमत इथेच आहे, ठाण्याहून गेटवे जाऊन परत यायलाच सत्तरच्या आसपास होतात, मग वरळी-मलबार हिल फिरलात की ऐंशी कधीच मागे पडतात आणि रात्री हिशोबाला ड्रायव्हर जादाचे किलोमीटर, जादाचे तास असं सांगायला लागतो. आधीच मोठं पॅकेज घ्या किंवा भाव आधी ठरवून घ्या. दुसरं म्हणजे गेटवेला पार्किंग मिळत नाही, आपण उतरायचं, ड्रायव्हर गोल गोल फिरत राहणार आणि मग फोनवर "मॅडम कुठे आहात", "ताजच्या समोर", "मी पण ताजच्या समोर", हे वीस मिनिटं. पण कोस्टल रोडवरून वरळीकडे जाताना समुद्राच्या कडेकडेने जी गाडी पळते आणि मध्येच बोगद्यात शिरते, ते लहान मुलांना म्युझियमपेक्षा जास्त आवडलं हे खरं. आणि गुडघे दुखणारं माणूस सोबत असेल तर दारापासून दारापर्यंत गाडीच, तिथे वाद घालू नका. पनवेल-उलवेकडचे असाल तर अटल सेतूने थेट शिवडीला उतरता, जवळजवळ २२ किलोमीटरचा पूल, म्हणजे तिकडच्या लोकांचं दर्शन पुलावरच सुरू होतं.

आता लोकल. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, आधीच सांगते.

डिसेंबरात मामंजी, म्हणजे माझे सासरे, आणि त्यांचे मावसभाऊ असे दोघेच आले होते. मामंजी बसच्या ट्रिपलाही होते. तेव्हा फोर्टातून जाताना गाइड म्हणाला "डावीकडे हुतात्मा चौक", सिग्नल हिरवा होता, बस गेली. मामंजी काही बोलले नाहीत, पण रात्री जेवताना म्हणाले, तिथं उतरायला पाहिजे होतं. त्यांचे वडील संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात होते, २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला ते त्यांनी लहानपणापासून घरात ऐकलेलं. १०६ हुतात्म्यांचं ते स्मारक आणि आपण बारा सेकंदात पार केलं. म्हणून यावेळी ठरवलं की यादी नाही, दोन-तीनच ठिकाणं आणि जिथे थांबायचं तिथे थांबायचं.

ठाण्याहून सुटणारी स्लो लोकल पकडली. फास्टच्या नादाला लागू नका, पाहुण्यांना घेऊन फास्टमध्ये चढणं म्हणजे माणसं हरवायचा कार्यक्रम. ठाणे लोकल ठाण्यातूनच भरते, सीट मिळते, तासाभरात सीएसएमटी, तिकीट १५ रुपये. आणि बसल्या बसल्या सांगायला गोष्टही आयती आहे, कारण १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी याच रुळांच्या वाटेने बोरीबंदरहून ठाण्याला आली, १४ डबे, साधारण ४०० माणसं, ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं. मामंजींचे मावसभाऊ म्हणे, म्हणजे तेव्हा लोक ठाणं बघायला आले होते! आम्ही ठाणेकर एवढ्यानेही फुगतो.

मग उतरल्यावर सीएसएमटी "बाहेरून" बघायचा प्रश्नच येत नाही, तुम्ही आतच असता. १८८८ ला पूर्ण झालेली इमारत, २००४ पासून युनेस्कोच्या यादीत, आणि रोज लाखो लोक वर न बघता पळतात त्यात एरवी मी पण असते. फाटकावर एका बाजूला सिंह आणि एका बाजूला वाघ आहे, सिंह म्हणजे इंग्लंड आणि वाघ म्हणजे आपण, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं.

तिथून हुतात्मा चौक चालत. मामंजी तिथे बराच वेळ उभे होते, आम्ही बाजूला सरकलो. मग टॅक्सीने म्युझियम, मिनिमम भाडं ३१ रुपये, चार माणसं बसतात, आणि हो, पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा की या भागात रिक्षा नसते, नाहीतर ते हात करत बसतात. म्युझियम म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, १९२२ ला उघडलं, हेही विटेटचंच काम, सकाळी सव्वादहाला सुरू होतं. अडीच तास काढले तिथे, बसलो, परत फिरलो. मग चालत गेटवे. मग परत सीएसएमटीला येऊन मेट्रो, जी ॲक्वा लाइन ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली तीच, तिला सिद्धिविनायक नावाचं स्टेशनच आहे. लिफ्ट, सरकते जिने, एसी, आणि बसमधून ज्याचा फक्त कळस दिसला त्या गणपतीचं आतून दर्शन झालं. खाली भुयारात मोबाइलला रेंज गेली आमच्या, त्यामुळे तिकीट वरच काढा किंवा सुट्टे पैसे ठेवा. येताना दादरला चालत गेलो आणि तिथेच चूक झाली. संध्याकाळी सहाची वेळ, दादरला ठाण्याची गाडी, मामंजी चढले आणि मावसभाऊ राहिले. मी लेडीज डब्यात, मला पत्ताच नाही. पुढे ठाण्याला बाकावर सगळे भेटलो, पण तोपर्यंत मावसभाऊ दोन गाड्या सोडून तिसरीत कसे चढले याची त्यांच्याकडे तासभराची कहाणी तयार होती. तुम्ही मेट्रोनेच सीएसएमटीला परत जा आणि सुटणाऱ्या गाडीत बसून या, वेळ जास्त गेला तरी चालेल. खर्च म्हणाल तर जेवण धरूनही चौघांचे बसच्या निम्मेच झाले.

पण हेच सहा-सात जणांचं गाव घेऊन केलं असतं तर? नसतं जमलं. त्यात एक आजी, दोन लहान मुलं असती तर मी दादरलाच रडले असते.

वाराचं एक बघा, यात भले भले फसतात. रविवारी लोकलने जायचं ठरवाल तर मेगाब्लॉक (रुळांच्या दुरुस्तीसाठी गाड्या बंद) आहे का ते आदल्या दिवशी बघा, मेन लाइनला नाही तर हार्बरला असतोच बहुतेक. सोमवारी नेहरू तारांगण आणि घारापुरी बंद. मंगळवारी सिद्धिविनायकाची रांग बघूनच परत फिराल. बुधवारी राणीबाग बंद, म्हणजे पेंग्विन दाखवतो असं मुलांना कबूल केलं असेल तर बुधवार सोडून जा. बसवाले बंदच्या दिवशी पण तीच यादी हातात देतात, ते ठिकाण आपोआप "बाहेरून" होतं. गुरुवार-शुक्रवार मला बरे वाटतात.

मैत्रिणीला मी शेवटी विचारलं, की त्या सासऱ्यांना अमुक एक गोष्ट बघायचीच आहे असं काही आहे का. ती म्हणाली नाही गं, त्यांना फक्त गावाला जाऊन सांगायचंय की मुंबई बघितली, आणि सासूबाईंना चालवत नाही फार. मग बसच कर म्हटलं, पुढची सीट घे, "बाहेरून" मोज, वाशीचा पिकअप मिळत असेल तर कळव्याहून ठाण्याला येऊन ट्रान्सहार्बर लोकलने वाशीला जाऊन चढ, तेवढीच झोप. तुझ्याकडे असं एखादं "तिथं उतरायला पाहिजे होतं" वालं माणूस आलं की मग मला फोन कर, मी येते सोबत, फक्त दादरला चढणार नाही.