तांब्याचा बंब, वीस लिटर : पाणी तापते, खोली तापत नाही

मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे नेणारे नागपूर डिसेंबरात कुडकुडते, हे बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगून पटत नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी येथील किमान तापमान ३.५ अंशांवर उतरले होते आणि नागपूरच्या नोंदींतील तो नीचांक ठरला. इतकी थंडी दरवर्षी पडत नसली, तरी डिसेंबर-जानेवारीतील बऱ्याच सकाळी आठ ते बारा अंशांच्या असतात. आमच्या घरात सहा माणसे आणि पंधरा लिटरचा एक गीझर असल्यामुळे शेवटी आंघोळीला जाणाऱ्याच्या वाट्याला दरवर्षी कोमट पाणी येई, आणि तो शेवटचा माणूस बहुधा मीच असे. म्हणून गेल्या नोव्हेंबरात इतवारीच्या भांडीबाजारातून वीस लिटरचा तांब्याचा बंब घेतला. तीन महिने तो रोज पेटवल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे.

खरेदीपासूनच सुरुवात करावी लागेल, कारण पहिली ठेच तेथेच लागली. तांब्याची भांडी वजनावर विकली जातात आणि बंबही त्याला अपवाद नाही. दुकानदाराने बंब जसाच्या तसा काट्यावर ठेवला आणि आठ किलो सहाशे ग्रॅम वजनाला तांब्याचा भाव लावला. त्या वजनात खालची बिडाची जाळी, लोखंडी राखपात्र आणि पितळी तोटीही धरलेली होती. जाळी आणि राखपात्र काढून पुन्हा वजन करण्याचा आग्रह धरला, तेव्हा काटा सव्वा किलोने उतरला. थोडी घासाघीस होऊन त्या सव्वा किलोला लोखंडाचा भाव लागला. बंब घेणाऱ्याने हे सुटे भाग आधी काढून घ्यावेत आणि मगच वजन करवून घ्यावे. नंतर नळीत हात घालून आतील जोडांवरून बोट फिरवावे. जेथे डाख, म्हणजे जोड सांधायला वितळवून लावलेला धातू, खडबडीत लागतो तेथे तो घाईत दिलेला असतो, आणि गळती पुढे तेथूनच सुरू होते.

ज्यांनी बंब पाहिलेला नाही त्यांच्यासाठी रचना थोडक्यात सांगतो. बाहेरचे पिंप तांब्याचे असते आणि त्याच्या मधोमध खालपासून वरपर्यंत एक उभी नळी जाते. नळीत विस्तव असतो आणि नळी व पिंप यांच्यामधील पोकळीत पाणी असते, त्यामुळे जाळाला चारही बाजूंनी पाण्याचा वेढा पडतो. वर एका अंगाला पाणी ओतण्याचे नरसाळे आणि खाली दुसऱ्या अंगाला तोटी असते. आमच्या बंबाची तोटी तळापासून चार बोटे वर बसवलेली आहे. हा दोष नसून शहाणपण आहे, कारण सगळे पाणी काढून घेतले तरी तळाशी थोडे पाणी उरते आणि निखाऱ्यांवर नळी कोरडी तापत नाही. बंब कोरडा तापला तर तांब्याला काही होत नाही, पण डाख वितळतो आणि बंब थेट तांबटाकडे न्यावा लागतो. आधी पाणी आणि मग काडी, हा क्रम लहान मुलांनाही पाठ करवावा.

नरसाळ्याचे तोंड उघडे असते, यामागेही कारण आहे. गीझरचे बटण बंद केले की उष्णता तिथल्या तिथे थांबते, परंतु लाकडाचा जाळ असा विझत नाही. निखारे अर्धा तास तरी उष्णता देत राहतात. थंड देशांत लाकडावर चालणारे जे मोठे बॉयलर घरभर गरम पाणी फिरवतात, त्यांनाही याच कारणासाठी वाफेला आणि फुगलेल्या पाण्याला वाट करून द्यावी लागते. आमच्या बंबात ते काम नरसाळे करते. कचरा पडू नये म्हणून त्यावर सैल झाकण ठेवायला हरकत नाही, मात्र फडक्याचा बोळा कोंबून ते बुजवू नये.

आता पाणी किती वेळात तापते, याविषयी. वीस लिटरचा म्हणून घेतलेल्या बंबात मापाने एकोणीस लिटर पाणी मावले. डिसेंबरातल्या एका सकाळी १७ अंशांचे पाणी भरून मी थर्मामीटर आणि तराजू घेऊन बसलो, आणि घरच्यांनी त्याची यथेच्छ थट्टा केली. बाभळीची वाळलेली नऊशे ग्रॅम ढलपी जाळल्यावर पंचवीस मिनिटांत पाणी ५५ अंशांवर आले. ते काढून घेऊन लगेच दुसऱ्यांदा भरलेले पाणी त्याच निखाऱ्यांवर आणखी चारशे ग्रॅम लाकडात तापले, कारण पहिल्या खेपेची बरीच उष्णता नळीत आणि राखेत शिल्लक होती. बंबाचा खरा फायदा या दुसऱ्या खेपेत आहे. एकट्या माणसाच्या एका बादलीसाठी तो पेटवणे म्हणजे निव्वळ नासाडी, पण लागोपाठ पाच-सहा आंघोळी व्हायच्या असतील तेथे तो गीझरला मागे टाकतो.

नीट वाळलेल्या एक किलो लाकडात साधारण १५ मेगाज्यूल, म्हणजे विजेच्या चार युनिटांच्या आसपास उष्णता असते. त्या हिशेबाने पहिल्या खेपेत आमच्या लाकडातील जेमतेम पाव हिस्सा उष्णता पाण्यात उतरली आणि बाकीची नळीच्या तोंडातून आकाशात गेली. दोन्ही खेपा मिळून हे प्रमाण तीस टक्क्यांवर येते. लाकूड ओले असेल तर जाळाची बरीच ताकद त्यातील पाणी उडवण्यातच खर्च होते, बंब फुरफुरत राहतो, धूर होतो आणि पाणी काही तापत नाही. एकदा पाऊस लागलेली लाकडे वापरून पाहिली, तेव्हा पन्नास मिनिटांनंतरही पाणी कोमटच होते.

सरपणाची सोय नागपुरात अजून होते. लकडगंजात आरा मशीनवर ढलप्या आणि कापलेले तुकडे वजनावर मिळतात. ते घेताना प्लायवूडचे, रंग लावलेले किंवा सनमायका चिकटवलेले तुकडे वेगळे काढावेत, कारण त्यांतील डिंक आणि रंग जळताना निघणारा धूर घातक असतो. गावाकडे शेती असेल तर कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या आणता येतात. गुलाबी बोंडअळीच्या भीतीने वेचणी संपल्यावर शेतकऱ्यांना पऱ्हाट्या शेतातून काढाव्याच लागतात, आणि बांधावर पेटवून देण्यापेक्षा त्यांनी पाणी तापवणे केव्हाही बरे. तुराटी भडकन पेटते आणि भडकन संपते, म्हणून ती जाळ धरण्यापुरती वापरावी. पऱ्हाटी थोडी अधिक टिकते. आणि निखारा हवा असेल तर बाभळीला तोड नाही. गोवरी मंद जळते, परंतु तिची राख इतकी होते की जाळी दोनदा झाडावी लागते.

आता शीर्षकातील दुसऱ्या अर्ध्या भागाकडे येतो. विकताना दुकानदार म्हणाला होता, “पाणी त तापतेच भाऊ, पण खोलीत ठेवला त खोलीपण गरम राहते. हीटर घ्याचं कामच नाही.” जानेवारीतल्या एका रात्री हे करून पाहिले. अंगणात बंब पेटवला, धूर संपून नुसते निखारे उरल्यावर तो दोघांनी दोन्ही कड्यांना धरून मागच्या बैठकीत आणून ठेवला आणि एक खिडकी उघडी ठेवली. पाऊण तासात खोलीचे तापमान १६ वरून साडेसतरा अंशांवर गेले, त्यात आम्हा चौघांच्या अंगाच्या उबेचाही वाटा असणारच. तेवढ्यात पत्नीचे डोके जड झाले आणि बंब तातडीने बाहेर काढावा लागला.

खोली न तापण्याचे कारण बंबाच्या बांधणीतच आहे. पिंपात पाणी असेपर्यंत त्याचा बाहेरचा पत्रा पाण्याहून अधिक तापू शकत नाही. शिवाय घासून लख्ख केलेले तांबे उष्णता फार कमी प्रमाणात बाहेर टाकते. काळी लोखंडी शेगडी समोर बसलेल्याला जशी झळ देते, तशी झळ चकचकीत तांब्यातून येत नाही. या गुणामुळेच बंबातील पाणी तास-दीड तास कढत राहते आणि याच गुणामुळे खोली थंड राहते. एकाच आगीवर घर आणि पाणी दोन्ही तापवायचे असतील तर बांधणी निराळी लागते. काश्मिरातील हमामात तांब्याच्या हंड्याखाली जाळ असतो आणि त्याचा गरम धूर दगडी फरशीखालून फिरवून मग बाहेर सोडतात, म्हणून तेथे पाणीही तापते आणि जमीनही. ती सोय फरशीखालील पोकळीची आहे. तिच्याशिवाय नुसता हंडा उचलून खोलीत ठेवला तर हाती डोकेदुखीच येते.

ही डोकेदुखी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. धूर दिसेनासा झालेल्या निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड निघत असतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही, आणि बंद खोलीत झोपेतच माणूस दगावू शकतो. एक खिडकी उघडी ठेवून आम्ही जो प्रयोग केला, तोही करायला नको होता. बंब अंगणात, गच्चीवर किंवा निदान तीन बाजूंनी उघड्या पडवीतच पेटवावा. न्हाणीघरात तो कदापि नेऊ नये, निखाऱ्यांसह तर नाहीच. या बाबतीत दुकानदाराचा सल्ला चुकीचाच नव्हे, तर धोक्याचा होता.

वस्तूतील खरा दोष तोटीचा निघाला. तिसऱ्या आठवड्यापासून ती ठिबकू लागली, आणि रात्री भरून ठेवलेल्या बंबातून सकाळपर्यंत तांब्याभर पाणी गेलेले असे. दुकानात नेला तेव्हा “वापरता वापरता बसते जागेवर” असे उत्तर मिळाले. ती काही बसली नाही. शेवटी घराजवळच्या एका वयस्क तांबटाने तोटी काढून आतील खुंटी घासली, पुन्हा नीट बसवली आणि जोडावर नवा डाख दिला. कामाला वीस मिनिटेही लागली नाहीत. त्या वीस मिनिटांत त्यांनी आम्हाला दोन गोष्टी शिकवल्या. तोटी पक्कडीने आवळायची नाही, आणि नळीतील काजळी पंधरा दिवसांनी काथ्याच्या कुंच्याने काढायची, कारण काजळीचा थर बसला की जाळाची धग पाण्यापर्यंत पोहोचत नाही. आमच्याकडे बोअरचे पाणी येते, त्यामुळे आतून पांढरा क्षारही धरतो. महिन्यातून एकदा चिंचेचे पाणी भरून रात्रभर ठेवले की तो सुटतो, परंतु ते पाणी सकाळी पूर्ण काढून टाकावे आणि बंब दोनदा विसळावा. बंबातील पाणी पिण्यासाठी किंवा स्वयंपाकासाठी वापरू नये; आतून कल्हई नसते आणि डाखात शिसे असू शकते.

खर्चाच्या बाबतीत फार आशा ठेवू नये. सरपण विकत घेतले तर दोन खेपांना आम्हाला बारा-तेरा रुपये पडले. तेवढेच पाणी गीझरमध्ये तापवायला साधारण दोन युनिटे लागतात आणि आमच्या बिलात वरच्या टप्प्यातील युनिट दहा रुपयांच्या पुढे पडते. रोजची बचत सात-आठ रुपयांची झाली, आणि या गतीने बंबाची किंमत भरून निघायला बरेच हिवाळे जातील. ज्यांच्याकडे शेतातील पऱ्हाटी किंवा वादळात पडलेल्या फांद्या फुकट येतात, त्यांचा हिशेब वेगळा. कष्टही मोजायला हवेत. पहाटे साडेपाचला उठून ढलप्या रचणे, फुंकर घालणे, राख काढणे ही कामे कोणाच्या तरी अंगावर पडतात. आमच्याकडे हौस माझी असल्यामुळे ती माझ्या अंगावर पडली, आणि तसा करार खरेदीच्या आधीच झाला होता.

धुराचा त्रास शेजाऱ्यांना होतो, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पहिल्या आठवड्यात भिंतीपलीकडच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांना वास लागला आणि त्यांनी तो नेमक्या शब्दांत सांगितला. तेव्हापासून बंब अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात हलवला, पेटवताना तुराटीची मूठ घेतली आणि कोरडे लाकूडच वापरले. आता धूर पहिली चार-पाच मिनिटे होतो, नंतर नळीच्या तोंडावर फक्त थरथरणारी हवा दिसते. तरीही दाट वस्तीत, एकाला एक लागून असलेल्या घरांमध्ये बंब घेऊ नये, असेच मी सांगेन. हिवाळ्याच्या सकाळी हवा जमिनीलगत साचून राहते आणि त्यात आपला धूर मिसळणे बरे नव्हे. सदनिकेत राहणाऱ्यांनी तर या वाटेला जाऊच नये.

या अटी पाळता येत असतील, तर तांब्याचाच बंब घ्यावा. पत्र्याचा बंब पुष्कळ स्वस्त मिळतो, पण आमच्या मामांकडे तो पाच हिवाळ्यांत तळाशी गंजून गेला. तांब्याचा टिकतो, दुरुस्त होतो, आणि अगदीच निकामी झाला तरी मोडीत चांगली किंमत देतो. आकार मात्र आम्ही चुकलो. दुसरी खेप इतक्या कमी लाकडात तापते, हे आधी ठाऊक असते तर पंधरा लिटरचाच घेतला असता, कारण वीस लिटरचा भरलेला बंब एका माणसाला हलवता येत नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस तो चिंच आणि राखेने घासून, तोटी उघडी ठेवून, माळ्यावर उपडा ठेवला. मार्चच्या मध्यापासून गच्चीवरच्या टाकीतील पाणी दुपारी आपोआपच हात पोळण्याइतके तापते.