‘चालवल्यावर बसतंय की दादा’

माझी पल्सर 220 जुनी आहे, पण फेअरिंगला, म्हणजे पुढच्या प्लास्टिकच्या कवचाला, कधी ओरखडा नव्हता. जूनच्या शेवटी कासहून येताना यवतेश्वरच्या घाटात एका वळणावर लाल चिखल आला होता, तिथं गाडी डाव्या अंगावर आडवी झाली. वेग म्हणाल तर मागून येणारी रिक्षासुद्धा पुढं गेली असती. मला गुडघ्याला खरचटलं. गाडीचा डावा आरसा गेला, पुढच्या काचेला तडा गेला आणि फेअरिंगच्या डाव्या गालाचे, म्हणजे बाजूच्या पॅनलचे, दोन लॉक तुटले. काच म्हणायची सवय, असतं ते प्लास्टिकच.

शोरूममध्ये विचारलं तर पार्ट मागवावा लागेल, आठ-दहा दिवस थांबा म्हणाले. मला रविवारी निघायचं होतं. घाई माझी होती, हे आधीच कबूल करतो.

साताऱ्यातल्याच एका ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलो. नाव लिहीत नाही, आणि अशी दुकानं प्रत्येक गावात असतात. मालक बोलायला गोड. गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "पाव्हणं, टेन्शन घेऊ नका. कंपनीचाच माल हाय, पाकिटातला. काच, डावा गाल, आरसा, सगळं मिळून साडेतीन हजार. फिटिंग आपल्याकडून." मग उजव्या बाजूला वाकून बघितलं. "ह्याच्याबी क्लिपा गेल्यात. दोन्ही गाल एकदमच टाकू, रंग जुळंल. वर आठशे द्या." मी उजव्या बाजूला पडलोच नव्हतो. तरी मान डोलावली. "तासाभरात या, तवर च्या पिऊन या."

मी चहा प्यायला गेलो, हीच सगळ्यात मोठी चूक.

परत आलो तर गाडी चकाचक. पोरगा पेट्रोलच्या बोळ्यानं काच पुसत होता. समोर उभा राहून बघितलं, काच थोडी कलती वाटली. डावीकडं काच आणि फेअरिंगमधल्या फटीत एक रुपयाचं नाणं सहज जात होतं, उजवीकडं नखही शिरत नव्हतं. मालकाला दाखवलं. तो हसला आणि काचेवर थाप मारून म्हणाला, "नवीन माल हाय, आखडलेला असतो. चालवल्यावर बसतंय की दादा."

बिल मागितलं तर "जीएसटी लागंल, उगं कशाला वाढवताय." पैसेही रोखच हवे होते, मशीन बंद होतं म्हणे. पाकिटं विचारली तर कचऱ्यात गेलेली. जुने पार्ट विचारायचं मला सुचलंच नाही.

रविवारी बोगद्यातून सज्जनगडमार्गे ठोसेघर आणि पुढं चाळकेवाडीला गेलो. पवनचक्क्या उभ्या करायला ती जागा का निवडली, ते तिथं गाडीवरून गेल्यावर कळतं. पठारावर वारा आडवा लागला आणि काच थरथरायला लागली, मग बारीक कुरकुर. तिथं पोहोचेपर्यंत डावीकडच्या बोल्टच्या भोकापासून बोटभर तडा गेला होता. घरी येईपर्यंत तो वरच्या कडेला भिडला.

गोडोलीत एक म्हातारे मिस्त्री आहेत, माझ्या वडिलांची स्कूटर बघायचे. त्यांच्याकडं गाडी नेली. त्यांनी हँडल सोडून काहीच न धरता नुसतं समोरून बघितलं आणि विचारलं, "पडला होतास ना? मग स्टे सरळ केला का कुणी?"

स्टे म्हणजे फेअरिंगच्या आतला लोखंडी सांगाडा. आरसा, काच, गाल, सगळं त्याच्या आधारानं उभं असतं. डाव्या आरशावर आपटल्यामुळं तो मागं वाकला होता. तो सरळ करायला फेअरिंग उतरवावी लागते, म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. दुकानवाल्यानं ते केलंच नाही. वाकड्या स्टेवर नवीन प्लास्टिक ताणून बसवलं. भोकं जुळेनात तेव्हा ड्रिलनं ओढून मोठी केली.

मिस्त्रींनी एकेक काढून माझ्या हातावर ठेवलं. बोल्टच्या जागी दोन काळे स्क्रू होते, पीओपीच्या छताला मारतात तसले. काचेखाली रबरी बुश नाही, प्लास्टिकचा वॉशर नाही, धातू थेट काचेवर आवळलेला. एका लॉकभोवती पांढुरकी साय धरली होती, ती फेविक्विकची. डाव्या गालाची आतली बाजू सपाट आणि कोरी होती. कंपनीच्या पार्टवर आत सहसा पार्ट नंबर आणि प्लास्टिकचा प्रकार उमटवलेला असतो. आणि काच ॲक्रेलिकची निघाली. मिस्त्रींनी फुटक्या तुकड्यात ड्रिल घातलं तर बारीक चुरा उडाला. पॉलिकार्बोनेट, म्हणजे चिवट जातीचं प्लास्टिक, असतं तर लांब वेटोळी निघाली असती. ॲक्रेलिक दिसायला छान असतं, पण भोकापाशी ताण आला की तडकतं. वर पेट्रोलनं पुसलेलं, म्हणजे उरलंसुरलं बळही गेलं.

त्यांनी स्टे सरळ केला, मागवलेली काच लावली, आणि ती लावताना मी हललो नाही. आधी सगळे बोल्ट नुसत्या हातानं चार आटे फिरवले, एकही आवळला नाही. समोर जाऊन दोन्हीकडच्या फटी बघितल्या, काच हातानं थोडी सरकवली, मग समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळले. रबर जरासं दबलं की थांबायचं. भोक बोल्टपेक्षा किंचित मोठंच असतं, उन्हात प्लास्टिक फुगतं त्याला जागा लागते. सगळं आपोआप जागेवर गेलं, थाप कुठंच मारावी लागली नाही.

ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर फोन केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न बिलाचा. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला फी नाही, दोन वर्षांची मुदतही आहे. पण माझ्याकडं दाखवायला होतं काय? त्या दुकानाच्या कार्डामागं पेनानं लिहिलेला 4,300 हा आकडा.

तरी एकदा जाऊन भांडावं म्हणून दुकानात गेलो. मालक नव्हता, पोरगा होता. भिंतीवर जुने गाल टांगलेले. त्यातल्या एका काळ्या उजव्या गालावर खालच्या कोपऱ्यात चांदणीचा स्टिकर होता, एक टोक फाटलेला. तो माझ्या भाचीनं दोन वर्षांपूर्वी चिकटवला होता आणि ते टोक मीच नखानं काढायला गेलो होतो. उतरवून मागं बघितलं. सगळ्या क्लिपा शाबूत, पार्ट नंबर ठळक.

"हा केवढ्याला?" मी विचारलं.

"नऊशे. ओरिजिनल हाय, सेकंड हँड. आता मिळत न्हाय असला."

हा माझाच आहे म्हटलं, तर पोरगा गोंधळून बघत राहिला आणि मालकाला फोन लावला. पलीकडून आवाज ऐकू आला, "कशावरनं तुमचा? बिल हाय का?"

शेवटी सहाशेला सौदा केला. या वेळी मात्र बिल घेतलं.