बूस्ट वाढवायचाय: स्क्रू की सोलेनॉइड?

टर्बोचा बूस्ट, म्हणजे इंजिनात कोंबलेल्या हवेचा जादा दाब, वेस्टगेट ठरवतं: एक्झॉस्टचा धूर टर्बोला टाळून बाहेर सोडणारी झडप. ॲक्च्युएटरला, म्हणजे दाबावर ही झडप उघडणाऱ्या डबीला, दाब उशिरा किंवा कमी पोचवला की बूस्ट वाढतो. खालचे दोन्ही जुगाड एवढंच करतात.

पहिला बॉल-स्प्रिंगवाला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर पितळेचा तुकडा वळवून घ्या, आत छर्रा, स्प्रिंग, वर स्क्रू. काम अर्ध्या दिवसाचं. माझ्या पहिल्या नगात छर्‍याच्या पुढचं बारीक भोक राहून गेलं. दाब नळीत अडकायचा, वेस्टगेट उघडंच राहायचं, आणि गाडी गिअर बदलल्यावर मेल्यागत ओढायची. एक मिलिमीटरचं ड्रिल मारलं, दुखणं गेलं.

दुसरा इलेक्ट्रॉनिक: आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड), तीन तोंडांचा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप), मॉस्फेट (सोलेनॉइड चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा). सोलेनॉइडला साधारण ३० हर्ट्झचे पल्स द्यायचे. कॉइलवर उलटा डायोड विसरलात तर मॉस्फेट गेलाच म्हणा. मजा इथंच आहे: गिअरप्रमाणे वेगळा बूस्ट ठेवता येतो, सेन्सरने जास्त दाब दाखवला तर प्रोग्रॅम सोलेनॉइड बंद करतो. नळ्या नीट जोडल्या असतील तर वीज गेल्यावर बूस्ट ॲक्च्युएटरच्या मूळ स्प्रिंगवर उतरतो. स्क्रूला असली अक्कल नाही. मात्र सेन्सर निरपेक्ष, म्हणजे बाहेरच्या हवेसकट एकूण दाब मोजतो. कोल्हापुरात हवेचाच सुमारे ९५ किलोपास्कल असतो, तो वजा करा.

गगनबावड्याच्या घाटात मी इलेक्ट्रॉनिकच लावून जाईन. पण नॉकिंगचा (इंजिनात इंधन अवेळी पेटल्याचा) आवाज ओळखता येत नसेल, तर स्क्रूलासुद्धा हात लावू नका. आणि नळ्यांना क्लॅम्प लावा, झिप-टाय नको.