मकुएनीत पैसे द्यायचेत: हातपंप की वाळूचा बंधारा?

नैरोबीतले आपले लोक केनियातल्याच मकुएनी, किटुई, मचाकोस या कोरड्या भागातल्या एखाद्या गावाच्या पाण्यासाठी वर्गणी काढतात तेव्हा प्रश्न हमखास हाच येतो, बोअर मारून हातपंप द्यायचा की कोरड्या नदीत वाळूचा बंधारा, म्हणजे मागे वाळू साठवून तिच्यात पाणी धरणारी भिंत. आम्ही मित्रांनी दोन्हीला पैसे दिलेत, म्हणून लिहितोय.

हातपंपाचं बरंच काही चांगलं आहे. पाणी लगेच मिळतं, झाकलेलं असतं, शाळेच्या किंवा दवाखान्याच्या दारात आणता येतं. इंडिया मार्क टू हा पंप तर १९७० च्या दशकात आपल्या जालना-सोलापूरकडच्या पंपांवरूनच पुढे तयार झाला. केनियात अफ्रीडेव्ह जास्त दिसतो, तो मुद्दाम असा बनवलाय की गावातल्याच माणसाला खोलून दुरुस्त करता यावा.

पण आमचा अनुभव असा की पंप बिघडला की फोन आम्हाला यायचा. प्रत्येक वेळी. कधी रबरी सील, कधी रॉड, म्हणजे काही फार मोठा खर्च नाही, आणि गावात कमिटी होती, दर घराची महिन्याची वर्गणीही ठरलेली, पण पावसात डबकी भरली की पंपावर कोणी येत नाही, वर्गणी थांबते आणि नेमकं कोरड्या दिवसांत काही तुटलं की पेटी रिकामी, लांबची घरं म्हणणार जवळच्यांनी द्यावं, जवळची म्हणणार पाणी तर सगळेच नेतात, आणि शेवटी अध्यक्षांचा मेसेज, एम-पेसा करा, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवा. मला पैशांचं काही वाटलं नाही, वाईट याचं वाटलं की एवढं होऊनही तो पंप त्यांच्या लेखी आमचाच राहिला. त्यात त्या भागात बऱ्याच ठिकाणी भूजल खारट, तसं तिथलंही निघालं, सगळ्यांना ते प्यायला आवडायचं नाही.

बंधाऱ्याचं वेगळं. तिथल्या कांबा लोकांत म्वेथ्या म्हणून जुनी पद्धत आहे, आपल्याकडच्या सावडीसारखी, त्यातूनच बंधारे बांधणारे गट बनलेत आणि त्यात बायका जास्त. १९७८ पासून उटूनी गावात जोशुआ मुकुस्या आणि काही कुटुंबांनी हे काम धरलं, तिथून ते पुढे पसरत गेलं. दगड, वाळू, पाणी, मजुरी गटाची, बाहेरून सिमेंट, सळई आणि इंजिनिअर. भिंत उभी राहिली की पुरात वाहून येणारी वाळू मागे साठते आणि तिच्या फटींत पाणी राहतं, साठ्याच्या २५ ते ४० टक्क्यांपर्यंत, वर ऊन कितीही असो बाष्पीभवन फार होत नाही. आमच्या गटाने सोबत वरच्या उतारांवर फान्या जू चरही (खणलेली माती वरच्या बाजूला टाकून बांध घालतात ते) काढले, नाहीतर वाळूऐवजी गाळ येऊन बसतो. आणि एका पावसात भिंतीच्या कडेची माती खचली तेव्हा त्यांनीच दगड लावून घेतले, आम्हाला कळलं ते नंतर गेल्यावर.

आता हे सगळीकडे जमेल असं नाही हां. नदी हंगामी पाहिजे, वाळू जाड पाहिजे, खाली कातळ जवळ पाहिजे, आणि वाळू भरायला एक-दोन पावसाळे, कधी जास्तही लागतात, तेवढा धीर नसेल तर बोअरच. उघड्या झिऱ्यात गुरं उतरतात, ते पाणी तसंच पिऊ नये. जमलं तर काठाला उथळ विहीर काढून तिच्यावर पंप बसवावा, निम्मं भांडण तिथेच मिटतं.

तुमच्या गावाचं मला माहीत नाही, त्यामुळे ठाम सांगत नाही, पण मला विचाराल तर आधी नदी बघा. ऑक्टोबरचा पाऊस सुरू व्हायच्या आधी, सप्टेंबरात, पात्रात जा, बायका अजूनही झिरे खोदून पाणी काढताना दिसल्या तर खाली ओल टिकते, मग गटाशी बोला आणि वर्गणी सिमेंटला द्या.