गाडीतली डिजिटल तिजोरी आणि आपल्या फॅब्रिकेटरची पेटी, वर्षभर वापरून लिहितेय

आम्ही लातूरचे. घरी जुनी ट्रॅव्हलर आहे, मागच्या वर्षी तिच्यातली मागची सीटं काढून दोन बर्थ, छोटा ओटा आणि पाण्याची टाकी बसवली, आरटीओत जाऊन आरसीवर तसा बदलही नोंदवून घेतला. तुळजापूर, माहूर, औंढा नागनाथ, लग्नसराई, सगळीकडं आता हीच गाडी. आणि हरभऱ्याच्या दिवसात मामंजी रेणापूरच्या पुढच्या आमच्या रानात जागलीला जातात तेव्हा झोपायलाही हीच, कारण रानडुकरं आणि रोही एका रात्रीत सगळं तुडवून टाकतात. मामंजींकडं पीकसंरक्षणाच्या लायसनवरची बारा बोरची डबल बार, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक आहे, ती सोबत असते. म्हणजे एकाच गाडीत कधी बंदूक, कधी माझ्या पाटल्या आणि सासूबाईंची बोरमाळ, आणि कायम माझी दोन लेकरं, एक सहा वर्षांचं एक नऊ. म्हणून ही तिजोरीची भानगड मी मनावर घेतली.

आधी ऑनलाइन डिजिटल तिजोरी मागवली, ६,८०० रुपयांची. नंबर दाबायचा, हिरवा दिवा लागला की मुठीसारखं बटण फिरवायचं. दिसायला झकास, पत्राही जाड. तिच्यात दागिने आणि काडतुसांचा डबा ठेवायचो, बंदूक कव्हरमध्ये बर्थखाली. दोन महिने सगळं बरं चाललं. मग एक दिवस थोरला बर्थवर बसून तिजोरीवर ढोलकी वाजवत होता आणि दुसऱ्या हातानं ते बटण उगाच पिळत होता, आणि दार उघडलं! नंबर दाबला नाही, चावी लावली नाही, काही नाही. मी ओट्याजवळ चहा गाळत होते, वळून बघते तर ह्याच्या हातात काडतुसांचा डबा. अजून आठवलं की अंगावर काटा येतो.

नंतर आमच्या ह्यांनी मेकॅनिकसमोर तेच करून बघितलं, दहातल्या तीन वेळा उघडली. त्यानं आतून खोलून दाखवलं. स्वस्तातल्या तिजोरीत सोलेनॉइड असतो, म्हणजे करंट मिळाला की छोटी लोखंडी पिन ओढून घेणारी कॉइल, एरवी ती पिन फक्त स्प्रिंगच्या जोरावर अडून बसलेली असते, वरून दणका बसला की क्षणभर पिन उडते आणि नेमकं तेव्हाच बटण फिरवलं की काम झालं. घरातल्या कपाटात एक वेळ चालेल पण आपल्याकडच्या रस्त्यावर गाडीत दणके तर मिनिटाला बसतात. कंपनीला फोन केला तर म्हणे मॉडेलच असं आहे, बदलून मिळणार नाही. घ्यायचीच असेल तर मोटरवर चालणाऱ्या लॉकची घ्या, नाहीतर सरळ जाड चावीची. दुसरी गोष्ट, तिच्यासोबत जे बोल्ट येतात ते काँक्रीटच्या भिंतीत फुगून बसणारे असतात, गाडीच्या पत्र्यात ते काहीच धरत नाहीत, पहारीनं उचकटलं की तिजोरी पूर्ण हातात. आणि उन्हाळ्यात बंद गाडीत सेल गळून कीपॅडच्या पट्ट्या हिरव्या पडल्या ते वेगळंच.

मग गावातल्याच एका फॅब्रिकेटरदादांकडं गेलो. लोक म्हणतात लोकल काम म्हणजे कच्चं, पण ह्या माणसानं आधी गाडीखाली झोपून डिझेलची टाकी कुठं, वायरिंग कुठून गेलंय ते बघितलं, खडूनं खुणा केल्या आणि मगच ड्रिल हातात घेतलं. चेसिसला वेल्डिंग करायचं नाही हे त्यांनीच सांगितलं. पेटी ३४ इंच लांब, १० रुंद, ७ उंच, ३ एमएमचा पत्रा, बिजागऱ्या आतून, सात लिव्हरचं कुलूप. डबल बार मोडते, म्हणजे नळ्या, पुढची लाकडी पकड आणि दस्ता असे तीन भाग सुटे होतात, त्यामुळं ३० इंची नळी एवढ्या पेटीत आरामात बसते, पूर्ण बंदुकीएवढी पेटी करायची गरजच नाही. फरशीतून आरपार १० एमएमचे चार बोल्ट, खालून ५ एमएमची सलग प्लेट, नायलॉक नट आणि भोकांना सीलंट. ती खालची प्लेट फार महत्त्वाची आहे बरं का, नुसते वायसर लावले तर जोर दिल्यावर पत्रा फाटून बोल्ट वर येतो. काडतुसांची वेगळी छोटी पेटी, तिची चावी वेगळी. सगळं मिळून ४,२०० रुपये.

ह्या पेटीतही एक खोट निघाली. आत फोम लावला होता, पावसाळ्यात त्यानं ओल धरली आणि नळीवर गंजाचा ठिपका आला. मामंजी दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत! दादांनी पैसे न घेता फोम काढून लाकडाच्या दोन खाचा करून दिल्या, आम्ही तेलाचा हात आणि सिलिका जेलच्या पुड्या सुरू केल्या, आता ठीक आहे.

बंदूकवाल्यांना एक कळकळीनं सांगते. पेटी कितीही भक्कम असली तरी ती रानात जाईपर्यंतची सोय आहे, रात्रभर गाडीत बंदूक सोडून घरात झोपायचं नाही. घरी आलो की ती आधी उतरते. काडतुसं तर तापलेल्या गाडीत ठेवूच नका. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणं सार्वजनिक ठिकाणी बंदूक झाकूनच न्यावी लागते, ते पेटीमुळं आपोआप होतं, इलेक्शनला ठाण्यात जमा करायला न्यायलाही तीच कामाला येते. पण लायसन मामंजींच्या नावावर आहे, ते सोबत नसताना आणि त्यांची लेखी परवानगीही नसताना आमचे हे किंवा मी ती घेऊन फिरलो तर गुन्हा आमच्यावर. म्हणून चावी एकच वापरात आहे आणि ती मामंजींच्या करगोट्याला. यात्रेला बंदूक येत नाही, तेव्हा पेटीत दागिने, रोकड आणि कागद.

त्याचा उपयोगही झाला. एका यात्रेच्या पार्किंगमध्ये आमची मागची काच फोडली, सीटवरची बॅग आणि नणंदेचा मोबाईल गेला, पेटीच्या झाकणावर स्क्रू ड्रायव्हरचे चार ओरखडे आहेत पण झाकण हललं नाही. गाडीच्या विम्यात आतल्या सामानाचं काही मिळत नाही हेही तेव्हा कळलं. तेव्हापासून बोरमाळ बँकेच्या लॉकरमध्येच असते, लग्नापुरती काढतो. १ जानेवारी २०२२ पासून आरबीआयचा नियम आहे, बँकेच्या हलगर्जीनं लॉकरमधून चोरी झाली तर वर्षाच्या भाड्याच्या १०० पटीपर्यंत बँकेला द्यावं लागतं. पूर्ण किंमत नाही मिळत, पण गाडीपेक्षा बरं.

डिजिटल तिजोरीला ५ पैकी १, आता तिच्यात टोलच्या पावत्या आणि टॉर्च असतो. दादांच्या पेटीला साडेचार, अर्धा फोमचा कापला. नट सैल झाला की कळावं म्हणून पेटीच्या नटांवर पांढऱ्या पेंटची रेघ मारून ठेवलीय, परवा माहूरहून आल्यावर बघितलं तर दोन रेघा जराशा सरकलेल्या दिसल्या, आमच्या ह्यांनी लगेच पाना घेऊन ते नट आवळले. दुसरी चावी लॉकरमध्ये आहे.