ऑफिससाठी भाड्याच्या कुंड्या : वर्षभर वापरून लिहिते आहे

पुण्यात ऑफिसांना कुंड्या भाड्याने देणारे आता बरेच झाले आहेत. एरंडवण्यातल्या आमच्या सीए फर्मने ही सेवा घेतली त्याला वर्ष उलटून गेलं. ऑफिसची सगळी व्यवस्था माझ्याकडे असते, त्यामुळे 'घ्यावी का?' हे ओळखीतले लोक मलाच विचारतात. आमची नर्सरी उरुळी कांचनच्या बाजूची, घरगुती धंद्याची. त्यांना न विचारता नाव छापणं मला बरोबर वाटत नाही, म्हणून ते लिहीत नाही.

पद्धत सोपी आहे. कुंडीमागे महिन्याचं भाडं ठरतं. त्यातच खत, फवारणी आणि आठवड्याला एकदा येणारे माळीकाका आले. काका पाणी घालतात, ओल्या फडक्याने एकेक पान पुसतात, उजेडाच्या बाजूला झुकलेली कुंडी फिरवून ठेवतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बदली. एसी आणि ट्यूबलाइटच्या खोलीत झाड जगतं, पण वाढत नाही. काही महिन्यांनी दमतं. मग ते नर्सरीत परत जातं आणि त्याच्या जागी टवटवीत कुंडी येते. विकत घेतलेल्या कुंड्यांचं हे कोण करणार?

पण मला ही सेवा आवडली ती पहिल्याच भेटीत. त्याआधी आलेल्या एका विक्रेत्याने रिसेप्शनमागे हिरवी भिंत करून देतो म्हणून मोठं कोटेशन दिलं होतं. पंप, वेगळे दिवे, भिंतीत पाइप, सगळं त्यात होतं. आमच्याकडे उजेड कुठून येतो, हे मात्र त्याने पाहिलंसुद्धा नाही. नर्सरीचा मुलगा आला तो भर दुपारी. त्याने प्रत्येक टेबलावर कोरा कागद ठेवला आणि वर हात धरला. कागदावर बोटांची सावली रेखीव पडली तर उजेड भरपूर, अंधूक पडली तर बेताचा, पडलीच नाही तर तिथे झाड ठेवू नका. आर्टिकलशिपची, म्हणजे सीएचं काम शिकणारी, मुलं बसतात त्या कोपऱ्यात सावली पडलीच नाही. तो म्हणाला, "मॅडम, इथे कुंडी देऊन पैसे घेता येतील मला. पण त्यापेक्षा हे कपाट हलवा ना."

खिडकीला पाठ लावून फायलींचं लोखंडी कपाट कित्येक वर्षं उभं होतं. आमच्या मोठ्या सरांना पटवायला थोडा वेळ लागला, पण कपाट हललं आणि रस्त्याकडेचा वर्षावृक्ष थेट आत दिसायला लागला. या झाडाची पानं संध्याकाळ झाली की मिटतात, पाऊस येताना आभाळ भरलं तरी मिटतात. आता मुलं घड्याळाकडे न बघता म्हणतात, "झाड मिटलं, चला आवरा." टॅक्स ऑडिटच्या सप्टेंबरात कुणी वेळेवर निघत नाही हे खरं, पण निदान दिवस मावळल्याचं कळतं. याआधी तेही कळत नव्हतं, आणि तरुण मुलांना असं दिवसच्या दिवस कोंडून बसवणं मला फार लागायचं.

खिडकीतल्या झाडाचा गुण हा केवळ माझा समज नाही. रॉजर उलरिच यांनी 1984 साली अमेरिकेतल्या एका इस्पितळातल्या नोंदी तपासून दाखवलं होतं की, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामकंही कमी तीव्रतेची पुरली.

माहितीपत्रकातला 'झाडं हवा शुद्ध करतात' हा दावा मात्र सोडून द्या. 1989 चा नासाचा जो प्रयोग सगळे सांगतात, तो बंद पेट्यांमधला होता. 2019 मध्ये अशा प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यानुसार इमारतीत मुळातच जितकी हवा खेळते तितका परिणाम साधायला चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. हवा हवी असेल तर खिडकी उघडा. आम्ही सकाळी एसी लावण्याआधी दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडतो, दुपारचं कोंदटपण पुष्कळ कमी झालं.

झाडांपैकी स्नेक प्लांट आणि झेडझेड सर्वांत निभावून नेतात. अरेका पाम एसीच्या झोतात ठेवला की शेंडे करपतात. मला स्वतःला आवडते ती पीस लिली. तहान लागली की सगळी पानं खाली टाकते आणि पाणी दिल्यावर काही तासांत पुन्हा उभी राहते. अकाउंट्सच्या ताई तिच्यावरच लक्ष ठेवून असतात. कुणी लहान मूल घेऊन येत असेल तर पीस लिली, मनी प्लांट आणि डिफेनबेकिया उंचावर ठेवा. पान चावलं तर तोंडाची आग होते.

तक्रारीही आहेत. पावसाळ्यात माती ओली राहिली आणि बारीक काळी चिलटं झाली. फोन केल्यावर पिवळे चिकट सापळे लावून दिले, पण ते आधीच लावायला हवे होते. कुंड्यांखालच्या बशांत पाणी साचायचं. डेंगीचे डास तिथेच वाढतात आणि महापालिका त्यासाठी दंडही करते, म्हणून बशा रोज आमचे शिपाईदादा रिकाम्या करतात. हे काम भाड्यात धरलेलं नाही. गणपतीत काका गावाला गेले, तेव्हा बदली माणूस आलाच नाही आणि खिडकीतली ओळ माना टाकून बसली.

एका कुंडीचं भाडं एका माणसाच्या महिन्याच्या चहापेक्षा कमी पडतं. पाचपैकी चार तारे देते. ज्यांच्या ऑफिसला खिडकीच नाही त्यांनी हे पैसे आधी उजेडावर आणि पंख्यावर घालावेत. यंदाच्या करारात मी दोन कलमं घालून घेतली आहेत: सणासुदीला बदली माणूस, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात सापळे.